मदत हवी आहे : विद्यार्थ्यांनी एकमेकांचे लेखन कसे वाचावे?

नमस्कार. मी मराठवाड्यातील एका तालुक्याच्या महाविद्यालयात मराठी शिकवते. दर बुधवारी शेवटच्या तासानंतर आमच्याकडे तृतीय वर्षाचे काही विद्यार्थी प्रथम वर्षाच्या मुलांसोबत बसून त्यांचे निबंध, अर्ज आणि भाषणांचे कच्चे खर्डे वाचतात.

अडचण अशी की, हातात लाल पेन आले की हे सोबतीही परीक्षक होतात. परवा एका मुलीने ‘मह्या आजीनं हिरीचं पानी शेंदलं’ असे लिहिले होते. तिच्या सोबत्याने ऱ्हस्व-दीर्घासह सारे खोडून प्रमाण मराठीत लिहून दिले, आणि त्या दुरुस्तीत आजीच हरवली. पुढच्या बुधवारी ती मुलगी फिरकली नाही. परीक्षेत प्रमाणलेखन लागते हे मान्य. पण पहिल्याच खर्ड्यावर त्याची घाई कशाला?

भाषणांचे दुखणे निराळे आहे. 27 फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनासाठी मुले भाषण घोकतात आणि एक वाक्य निसटले की अडतात. चार मुद्द्यांच्या चिठ्ठीवरून बोलायला सांगितले, तर मुले चिठ्ठीच मोठ्याने वाचतात.

असा उपक्रम ज्यांनी चालवला आहे, त्यांनी सोबत्यांना आधी काय शिकवले, आशयावर बोलून झाल्यावरच शुद्धलेखनाकडे वळण्याची शिस्त कशी लावली आणि लाजऱ्या मुलांना पहिल्यांदा कोणासमोर बोलायला लावले, हे कृपया सविस्तर कळवावे. सोबत्यांसाठी तयार केलेला एखादा मराठी प्रश्नतक्ता असल्यास तोही हवा आहे.