जांभळ्या शेंगांचा गावरान घेवडा : मांडव भरला, फूल एक नाही

तासगाव_परसबाग :
जूनअखेर आळ्यात बी टोकलं होतं. आता ऑक्टोबरचा पहिला आठवडा. वेल मांडवावरून पलीकडं लोंबतोय, पानं तळहातापेक्षा मोठी, पण एकसुद्धा तुरा नाही. ऑगस्टमध्ये दोनदा युरिया दिलाय. कोवळ्या शेंड्यांना काळा मावा बसलाय. बी खराब निघालं म्हणायचं का? उपटून टाकू का?

काळी_माती :
उपटू नका ताई. आधी एक स्पष्ट करू, कारण आपल्याकडं घेवडा म्हटलं की तीन पिकं डोळ्यांपुढं येतात. कोरेगावचा भौगोलिक मानांकन मिळालेला वाघ्या घेवडा राजम्याच्या जातीचा, श्रावण घेवडाही त्याच घरातला. तुमचा मांडवावरचा म्हणजे वालाच्या कुळातला. याच्या जुन्या वाणांना दिवस लहान झाल्याशिवाय फूल येत नाही. जूनमध्ये लावा नाहीतर ऑगस्टमध्ये, तुरा दसरा-दिवाळीच्या सुमारासच दिसणार. बारमाही बुटक्या वाणांशी तुलना करू नका.

युरिया मात्र चुकलाच. आळ्याच्या कडेला हलकेच उकरून एक मूळ बघा. गाठी असतील तर एक नखानं फोडा. आतून गुलाबी-लालसर असेल तर वेल स्वतःचं नत्र (युरियातून मिळतं तेच, नायट्रोजन) स्वतः करतोय. पांढरट किंवा हिरवट असेल, नाहीतर गाठीच नसतील, तर युरियानं त्याला आळशी केलंय. आता नत्र पूर्ण बंद. प्रत्येक आळ्याला दोन मुठी लाकडाची राख मातीत मिसळा आणि पाणी वाफसा आल्यावरच, म्हणजे माती ओलसर पण भुसभुशीत झाल्यावरच द्या. सतत ओल राहिली तर पालाच वाढतो.

आणखी एक, मांडवाजवळ रात्रभर दिवा जळतो का?

वेल_आणि_ताटी :
माव्याचं सांगतो. मुंग्यांची रांग दिसत असेल तर त्याच त्याला राखतात, चिकट गोड स्रावासाठी. जास्त भरलेले शेंडे चार बोटं खुडून साबणाच्या पाण्यात बुडवा, बाकीच्यांवर पाईपचा जोरदार फवारा, पानाच्या खालून. दोन दिवसांनी निंबोळी अर्क : 50 ग्रॅम निंबोळी पूड फडक्यात बांधून लिटरभर पाण्यात रात्रभर ठेवायची, पिळायची, चिमूटभर साबण घालून संध्याकाळी फवारायचं. मावा खाणारे ढालकिडे (लेडीबर्ड) किंवा त्यांच्या काळ्या-नारिंगी अळ्या दिसल्या तर फवारा थांबवा, त्यांना काम करू द्या.

फुलं लागल्यावर तुरे जाळ्यानं एकमेकांना चिकटलेले दिसले तर आत शेंगा पोखरणारी अळी असते. तो तुरा तोडून नष्ट करा, वरून औषध मारून आतली अळी मरत नाही.

मांडवाच्या आतली पिवळी पानं आणि काटकुळे फुटवे काढा, ऊन आत गेलं पाहिजे. शेंडा खुडायचा तो वेल मांडवाला टेकतो तेव्हा. आता सरसकट छाटणी केलीत तर तुरे येणारी कोवळी वाढच जाईल.

तासगाव_परसबाग :
गाठी पांढऱ्याच निघाल्या. आणि हो, रस्त्याच्या खांबावरचा दिवा मांडवाच्या एका अंगाला रात्रभर पडतो!

काळी_माती :
मग त्या अंगाला उशीर होणारच, वेलाला रात्र अखंड अंधारी लागते. त्या बाजूला संध्याकाळी पोतं किंवा जाड ताडपत्री टांगा, सकाळी काढा. अंधारातली बाजू आधी तुऱ्यावर आली तर कारण तुम्हाला समोरच दिसेल.

पुढच्या वर्षासाठी : काळ्या रानात खोल खड्डा म्हणजे पावसाळ्यात हौद. दीड फूट रुंद आळं उकरा, दोन घमेली कुजलेलं शेणखत मिसळा आणि वर वीतभर उंच ढीग करा. चार बिया तीन सेंटिमीटर खोल टोका, दोनच रोपं ठेवा. दोन आळ्यांत पाच-सहा फूट अंतर. बी रात्रभर भिजवायची गरज नाही, पावसाळी काळ्या मातीत भिजलेलं बी लवकर कुजतं. चढायला नायलॉनऐवजी काथ्या बांधा, वेलाला पकड मिळते आणि शेवटी सगळंच खतात जातं.

वेल_आणि_ताटी :
बियाण्याच्या शेंगांना आधीच चिंधी बांधा, नाहीतर भाजीत जातात. शेंग वेलावरच खडखडीत वाळू द्या. बी पोखरणाऱ्या भुंग्याची अंडी बऱ्याचदा रानातूनच येतात, म्हणून बी दातानं फुटेल पण दबणार नाही इतकं वाळवून, घट्ट डब्यात आठवडाभर डीप फ्रीजरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर डबा खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नका, बियांवर दव धरतं. मग राखेत घोळून बरणीत. वेगळ्या रंगाचा घेवडा शेजारच्या मांडवावर असेल तर मधमाश्यांमुळं थोडा संकर होतो, बी त्यापासून लांबच्या टोकाच्या शेंगांचं धरा.