अपडेटनंतर विद्यार्थिनींना तानपुरा ऐकू जात नाही, उपाय सुचवा

मंद्रसप्तक: नमस्कार मंडळी. मी गायन शिकवते, तीन विद्यार्थिनी परदेशात आहेत, म्हणून क्लास व्हिडिओ कॉलवर. मंगळवारी लॅपटॉप अपडेट झाला. तेव्हापासून माझं बोलणं त्यांना स्वच्छ जातं, पण तानपुऱ्याचं अ‍ॅप लावलं की दोन-तीन सेकंदांत आवाज विरतो. पेटीवर सा धरून ठेवला तरी तेच. एकीची प्रवेशिका पूर्णची परीक्षा तोंडावर आली आहे. बजेट ८०० रुपये, त्यापुढे आत्ता शक्य नाही.

चिंचवडकर: लॅपटॉपच्या माइकवर सूर शिकवूच नये. मी साडेसहा हजारांचा यूएसबी माइक घेतला, तीन वर्षांत एकदाही कुरकुर नाही.

रेवदंडा: अपडेट काढून टाका. माझा आवाज पूर्ण गेला होता, डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन ड्रायव्हर (आवाजाचा भाग चालवणारं सॉफ्टवेअर) रोल बॅक केला, म्हणजे आधीचा परत आणला, आणि आवाज आला.

जुना_सभासद: रोल बॅकचं बटण पुष्कळदा पुसट असतं, दाबताच येत नाही. आणि मोठं अपडेट मागे घ्यायला दहाच दिवस मिळतात. माझा अकरावा दिवस होता, सगळं नव्याने टाकावं लागलं.

अण्णा_मिरज: अ‍ॅपचा तानपुरा हवाच कशाला? आमच्या मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. शिकवणाऱ्याच्या घरात तंबोरा हवाच.

रेवदंडा: अण्णा, ८०० रुपयांत?

खर्ज: ताई, काही विकत घेऊ नका. बोलणं जातं म्हणजे माइक ठणठणीत आहे. गोंगाट गाळणारी यंत्रणा एकसारख्या लांब आवाजाला पंखा समजते आणि दाबते. तानपुरा नेमका तसाच. ड्रायव्हर बदलला की ही गाळणी आपोआप चालू झालेली असू शकते. विंडोज ११ असेल तर सेटिंग्ज, सिस्टीम, साउंड, खाली इनपुटमध्ये तुमचा माइक, तिथे ऑडिओ एन्हान्समेंट्स ऑफ करा. झूम असेल तर त्याची गाळणी वेगळी असते. ऑडिओ सेटिंगमध्ये 'ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स' निवडा आणि मीटिंगमध्ये त्याचं बटणही चालू आहे ना, बघा. हेडफोन लावा, नाहीतर आवाज घुमेल.

नीरजा_के: ब्लूटूथ हेडफोन मात्र नको. त्याचा माइक चालू झाला की आवाज टेलिफोनसारखा होतो. माझ्या मुलाचा तबल्याचा क्लास यात वाया गेला.

चिंचवडकर: म्हणून म्हणतो, यूएसबी माइक घ्या.

मंद्रसप्तक: सर्वांचे आभार. खर्ज, दोन्ही गाळण्या बंद केल्या आणि तानपुरा अखंड गेला! पण आमचं घर हमरस्त्यावर. रिक्षा, शेजारचा मिक्सर, सगळंच त्यांच्या कानात गेलं, म्हणून पुन्हा चालू केल्या. आता तानपुरा मुलीच आपापल्या फोनवर काळी चार या पट्टीत लावतात. तसंही माझा तानपुरा त्यांच्याकडे उशिराच पोचायचा. पेटीवर मी सूर धरून न ठेवता पलटे (स्वरांचे छोटे क्रम) वाजवते, ते नीट पोचतात. परीक्षा होईपर्यंत असंच चालवणार आहे.

अण्णा_मिरज: मुलींनाही तंबोरा घ्यायला सांगा.