खिशात फोन असताना वायरलेस सेट कशाला?

नवा_स्वयंसेवक:
मंडळी एक शंका आहे. नुकताच एका शोध-बचाव टीममध्ये लागलोय आणि पहिल्या दिवसापासून बघतोय, प्रत्येकाच्या कमरेला तो विटेएवढा वायरलेस सेट. ग्रुप बनवला, लोकेशन टाकलं, फोटो टाकला, झालं की काम, मग हे ओझं कशाला? लीडरना विचारलं तर म्हणाले "कळेल तुला". कधी कळणार देव जाणे म्हणून इथे विचारतोय. आणि आपलं बोलणं बाहेरचं कोणी ऐकू शकतं का?

रातपाळीवाला:
लीडरचं उत्तर बरोबर आहे, फक्त अर्धवट आहे. फोनचं नेटवर्क रोजच्या वापराच्या हिशोबाने बांधलेलं असतं, आणि मोठी दुर्घटना झाली की त्या भागातले सगळेच एकदम घरी फोन लावायला लागतात, मग फोनवर रेंजचे दांडे दिसतात पण कॉल काही लागत नाही. त्यात लाइट गेली तर टॉवर बॅटरीवर, ती संपली की विषय संपला. सेटचं तसं नाही, बटण दाबलं की टेट्रासारख्या (बचाव पथकं आणि पोलिसांसाठीची डिजिटल वायरलेस) सिस्टिमवर अर्ध्या सेकंदाच्या आत अख्ख्या ग्रुपला आवाज जातो, नंबर लावा, रिंग वाजू दे, समोरचा उचलतोय का बघा ही भानगडच नाही. मधली सगळी यंत्रणा बंद पडली तरी जवळपासचे दोन सेट डायरेक्ट मोडवर थेट एकमेकांशी बोलतात. 4जी-5जीवरही बचाव पथकांना प्राधान्य देता येतं, पण ती सोय मुद्दाम करावी लागते, तुझ्या साध्या सिमला ती आपोआप मिळत नाही.

जुना_ऑपरेटर:
वरचं सगळं खरं, पण सेट हातात आला म्हणजे काम झालं असं समजू नकोस. 11 सप्टेंबर 2001 चं बघ. न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये, विमानं आदळली त्या जुळ्या टॉवरच्या संकुलात, अग्निशमन दलासाठी रिपीटर बसवलेला होता, म्हणजे वरच्या मजल्यांवरचा कमजोर सिग्नल पकडून पुढे जोरात पाठवणारं यंत्र. ते चालू करायला दोन बटणं होती. सकाळी एक दाबलं गेलं, दुसरं राहिलं. लॉबीत अधिकाऱ्यांनी टेस्ट केली, आवाज येईना, त्यांना वाटलं यंत्रच बिघडलंय. तिकडे पोलिसांच्या हेलिकॉप्टरमधून दुसरा टॉवरही पडेल असा इशारा आला, पण पोलिसांचा रेडिओ वेगळा, फायरवाल्यांचा वेगळा, तो इशारा आतल्या जवानांपर्यंत गेलाच नाही. त्या दिवशी फायरचे 343 जण गेले. सगळे काही एवढ्यामुळेच गेले असं नाही म्हणत मी, पण ते दुसरं बटण डोक्यातून जात नाही.

आमच्याकडचा छोटा किस्सा सांगतो. ड्रिल चालू होतं, एका पोराने बटण दाबायच्या आधीच बोलायला सुरुवात केली, तो म्हणाला "नका पाठवू गाडी पुढे" आणि आम्हाला ऐकू आलं "पाठवू गाडी पुढे". आम्हाला वाटलं विचारतोय, आम्ही म्हटलं "पाठव"! नशीब ड्रिल होतं. तेव्हापासून नियम एकच, बटण दाब, श्वास घे, मग बोल, आणि समोरच्याने ऐकलेलं परत बोलून दाखवायचं.

कुलूपकिल्ली:
ऐकण्याबद्दल. साधा अ‍ॅनालॉग सेट असेल तर हो, स्कॅनर (रेडिओ सिग्नल पकडून ऐकवणारं यंत्र) घेऊन कोणीही ऐकेल, त्यामुळे जखमीचं नाव-पत्ता त्यावर बडबडू नकोस. डिजिटल आणि एन्क्रिप्टेड, म्हणजे बोलणं कुलूपबंद करून पाठवणारा असला तरी डोळे झाकून विश्वास नको, 2023 मध्ये टेट्राच्या टीईए1 नावाच्या एन्क्रिप्शनमधली भानगड बाहेर आली, 80 बिटची किल्ली आतल्या आत 32 बिटची होत होती, म्हणजे साध्या कॉम्प्युटरने फुटेल अशी.

आणि लोक फक्त चोरून ऐकण्याची काळजी करतात, खोटा मेसेज घुसवणं त्याहून वाईट. 2017 मध्ये अमेरिकेतल्या डॅलसला कोणीतरी रेडिओ सिग्नल पाठवून रात्री धोक्याचे 156 भोंगे वाजवले, लोकांनी घाबरून 911 ला, म्हणजे तिकडच्या आपत्कालीन नंबरला, इतके फोन केले की खरोखर अडचणीत असलेल्यांनाही थांबावं लागलं. पुढच्या वर्षी हवाईत तर हॅकरही नव्हता, आतल्याच माणसाकडून मिसाइल येतंय असा मेसेज सगळ्यांच्या फोनवर गेला, आणि तो चुकीचा होता हा मेसेज यायला 38 मिनिटं लागली. पाठवायची सोय पक्की होती, मागे घ्यायची तयारीच नव्हती.

रातपाळीवाला:
बरं आठवलं, फोन अगदीच टाकाऊ नाहीये. ते अलर्ट सेल ब्रॉडकास्टने जातात, टॉवर एकदाच बोलतो आणि रेंजमधले सगळे फोन ऐकतात, म्हणून गर्दीतही पोचतात. घरच्यांना पण सांगून ठेव, तसल्या वेळी कॉल करत बसण्यापेक्षा एसएमएस टाका, छोटा असतो, जागा मिळेल तेव्हा सरकतो.

नवा_स्वयंसेवक:
धन्यवाद सगळ्यांना. आज टीममध्ये सहज विचारलं की डायरेक्ट मोड कसा लावायचा, पाचपैकी दोघांनाच येत होतं, आणि एकाच्या सेटची बॅटरी कधीची उतरलेली. लीडर काही बोलले नाहीत, फक्त रविवारी सगळ्यांनी सेट घेऊन या म्हणाले.