मार्बलिंगच्या जनुक चाचण्या: पैदास सुधारतेय की आणखी अरुंद होतेय?

रानवाटा:
जपानमध्ये वाग्यू या तिथल्या गुरांच्या मांसाची प्रत मुख्यतः मार्बलिंगवर, म्हणजे स्नायूंच्या आत पसरलेल्या चरबीच्या जाळीवर ठरते. त्याला 1 ते 12 गुण देतात. आता वासराच्या डीएनएवरून ही चरबी किती साठेल याचा अंदाज आधीच बांधता येतो आणि त्यावर वळू निवडले जातात. मला हे घातक वाटतं. आजच्या जवळजवळ सगळ्या काळ्या वाग्यूंच्या वंशावळीत 1939 साली जन्मलेला ताजिरी हा एकच वळू सापडतो. गाई लाखोंनी असूनही 1990च्या दशकात या जातीची परिणामकारक संख्या, म्हणजे आनुवंशिक विविधतेच्या हिशेबाने मोजलेली संख्या, 17च्या आसपास आली होती. अशा जातीत एकाच गुणासाठी आणखी गाळणी लावायची?

अनघा_ब्रिस्बेन:
रानवाटा, तुम्ही दिलेला 17चा आकडा डीएनए तपासणारी चिप येण्याच्या आधीचा आहे! 1991 साली जपानने गोमांसाची आयात खुली केली. स्वस्त परदेशी मांसापुढे टिकायचं तर मार्बलिंग हवं, म्हणून सगळ्यांनी त्याच मोजक्या वळूंच्या रेतमात्रा वापरल्या. यात डीएनए चाचणीचा काय दोष? शिवाय मार्बलिंगचे गुण जनावर कापल्यावरच देता येतात. वाग्यू कापायला 28-30 महिने लागतात, आणि वळू पारखायचा तर त्याची वासरं वाढवून कापेपर्यंत थांबावं लागतं. तो सगळा काळ चाचणीमुळे वाचतो.

डॉक्टर_सातारा:
काळ वाचतो हे मान्य, पण या चाचण्या सुरुवातीला विकल्या कशा गेल्या तेही सांगा. 2000च्या सुमारास ऑस्ट्रेलियात थायरोग्लोब्युलिन जनुकाच्या एका मार्करवर, म्हणजे डीएनएमधल्या एका खुणेवर, मार्बलिंगची चाचणी बाजारात आली. काही कळपांत फरक दिसला, ब्राह्मन या जातीसारख्या वशिंडाच्या गुरांत तो टिकला नाही. मार्बलिंग हा शेकडो जनुकांचा मिळून झालेला गुण आहे, आणि बराच फरक खाद्य-संगोपनातून येतो. जपानी गोठ्यांत मार्बलिंग वाढावं म्हणून खाद्यातलं अ जीवनसत्त्व कमी करतात. ते अति झालं की जनावर आंधळं होतं. एक पशुवैद्य म्हणून मला जनुकांपेक्षा याची चिंता जास्त आहे.

कृष्णाकाठ:
आमचा धंदा दुधाचा, भाव फॅटवर. डीजीएटी1 या जनुकाचा एक प्रकार दुधातलं फॅट वाढवतो हे 2002 सालीच सिद्ध झालं. होल्स्टीनमध्ये ती चाचणी कामाची आहे. पण आपल्या देशी गाई आणि म्हशींत जवळजवळ सगळ्यांकडे तोच प्रकार आहे, मग निवडणार कशातून? एका जातीवर बसवलेला मार्कर दुसऱ्या जातीला लावून पैसे घेणाऱ्यांपासून शेतकऱ्याने सावध राहावं.

अनघा_ब्रिस्बेन:
डॉक्टर, कृष्णाकाठ, एकेका मार्करबद्दल तुमचं म्हणणं रास्त आहे. म्हणूनच म्यूविसेन, हेज आणि गोडार्ड या संशोधकांनी 2001 साली सगळ्या जीनोमवरचे, म्हणजे जनावराच्या संपूर्ण डीएनएवरचे, हजारो मार्कर एकत्र तोलायची पद्धत मांडली. आज तीच चालते. तीही त्या-त्या जातीच्या नोंदींवरच बसवावी लागते, हे मात्र खरं.

रानवाटा:
पद्धत चांगली असेल, पण उद्दिष्ट तेच राहिलं तर ती फक्त वेग वाढवते. अमेरिकेतल्या होल्स्टीनमध्ये जीनोमिक निवड आल्यावर कोवळे वळू लवकर वापरात आले, पिढ्यांमधलं अंतर घटलं आणि दरवर्षीची अंतःप्रजननाची, म्हणजे नात्यातल्या पैदाशीची, वाढ आणखी जोरात झाली. वाग्यूला हे झेपेल असं मला वाटत नाही.

अनघा_ब्रिस्बेन:
त्यावर उपायही याच चाचणीत आहे. क्लॉडिन-16 या जनुकातल्या दोषामुळे वाग्यू वासरांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. वरून धडधाकट दिसणारे, पण हा दोष वासरांना देऊ शकणारे वाहक वळू आता डीएनएवरून ओळखता येतात. कोणत्या गाईला कोणता वळू दिला तर रक्त जवळ येणार नाही, हेही वंशावळीपेक्षा चिप नेमकं सांगते. आणि उद्दिष्ट बदलतंय. जपानच्या तोत्तोरी प्रांतात चरबीत ओलेइक आम्ल (एक मेदाम्ल) 55 टक्क्यांच्या वर असलेल्या मांसाला वेगळी ओळख दिली जाते. 2022च्या कागोशिमातल्या राष्ट्रीय वाग्यू स्पर्धेत चरबीच्या दर्जासाठी स्वतंत्र गट होता.

रानवाटा:
दर्जाही चरबीचाच ना! गाय किती वेतं देते, पाय किती वर्षं टिकतात, याला वळूच्या निवडीत तितकंच वजन मिळालं तर मी माझा विरोध मागे घेईन.