क्लॅटचं इंग्रजी: शब्दांच्या याद्या पाठ करायच्या की वाचत सुटायचं?

बार्शीच्या इंग्रजीच्या बाई

अकरावी-बारावीला इंग्रजी शिकवते. यंदा माझ्या सात मुली क्लॅटची, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षेची, तयारी करताहेत, सगळ्या मराठी माध्यमातल्या. परवा एकीची वही हातात आली. आठशे शब्द, डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी अर्थ, अक्षर मोत्यासारखं. तिला विचारलं, 'सँक्शन' म्हणजे काय? 'मंजुरी,' ती लगेच म्हणाली. मग पेपरातलं वाक्य पुढे ठेवलं: एका देशाने दुसऱ्यावर सँक्शन्स लादले. पोर बुचकळ्यात पडली. मंजुरी लादतात कशी? निर्बंध हा दुसरा अर्थ तिच्या वहीत नव्हताच. कायदा शिकताना तर तिला दोन्ही अर्थ भेटत राहणार.

म्हणून माझं मत स्पष्ट मांडते: क्लॅटसाठी याद्यांची घोकंपट्टी थांबवावी. २०२० पासून या परीक्षेचा साचाच बदलला. पूर्वी सुट्या शब्दांचे अर्थ विचारत. आता इंग्रजीचे २२ ते २६ प्रश्न साधारण ४५० शब्दांच्या उताऱ्यांवर येतात. चालू घडामोडी, कायदा आणि तर्क हे विभागही तसेच उताऱ्यांवर बेतलेले. १२० प्रश्न, १२० मिनिटं, चुकलं की पाव गुण वजा. एका प्रश्नाला एक मिनिट आणि त्यातच उतारा वाचायचा! ज्याला वाचता येत नाही त्याला नुसते शब्द कुठवर पुरणार?

आपल्याच भाषेत बघा. 'परवा'चा अर्थ यादीत काय लिहाल? 'परवा आलो' आणि 'परवा येईन', यातला दिवस क्रियापदच ठरवतं. शब्द वाक्यात भेटला तरच तो कळतो.

मी मुलींना रोज एक इंग्रजी अग्रलेख देते. वाचून झाला की पान उलटं ठेवायचं आणि लेखकाचं म्हणणं मराठीत दोन वाक्यांत सांगायचं. जिला ते सांगता येत नाही तिने परत वाचायचं. विरोधी मत असेल तर जरूर लिहा, मला ऐकायचंय.

लॉचं तिसरं वर्ष

बाई, तुमचा मान राखून सांगतो, पूर्ण असहमत.

मीही मराठी माध्यमाचा, परभणी जिल्ह्यातला. अकरावीत मलाही 'रोज अग्रलेख वाच' असंच सांगितलं होतं. पहिल्या दिवशी पहिल्याच परिच्छेदात चौदा शब्द अडले. एकेक शब्द मोबाइलवर बघेपर्यंत वाक्याची सुरुवात डोक्यातून जायची. पंधरा दिवसांनी मी पेपर उघडणंच सोडलं आणि वाटायला लागलं की ही परीक्षा आपल्यासाठी नाहीच. ते दिवस आठवले की अजून घशाशी येतं.

संदर्भावरून अर्थ लावा असं सगळे सांगतात. पण संदर्भातलेच शब्द येत नसतील तर? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? हू आणि नेशन या अभ्यासकांनी २००० साली दाखवलं की कुणाच्या मदतीशिवाय मजकूर नीट समजायला त्यातले सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे लागतात. ४५० शब्दांच्या उताऱ्यात म्हणजे जेमतेम नऊ शब्द अनोळखी चालतील. माझे चाळीस अडायचे.

मला यादीनेच वर काढलं. मात्र क्लासवाले वाटतात ती अवघड, भारदस्त शब्दांची यादी नव्हे. अॅव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली विद्यापीठीय लेखनातले शब्द निवडून ५७० शब्दकुळांची (एक मूळ शब्द आणि त्यापासून बनलेले शब्द मिळून एक कुळ) यादी केली. 'अझ्यूम', 'डिराइव्ह', 'कॉन्स्टिट्यूट', 'नॉटविथस्टँडिंग', असले शब्द. क्लॅटच्या उताऱ्यांत पावलोपावली हेच भेटतात. रोज पंधरा शब्द, कागदाच्या चिठ्ठ्यांवर. पुढे शब्द, मागे अर्थ आणि एक वाक्य. आज, उद्या, आठवड्याने, महिन्याने पुन्हा. चार महिन्यांनी तोच पेपर उघडला तेव्हा परिच्छेदात दोन-तीनच शब्द अडले. वाचनाची गोडी लागली ती तिथून.

ज्यांच्या घरी इंग्रजी पेपर येतो त्यांना 'नुसतं वाचा' हा सल्ला पुरतो. आमच्याकडे इंग्रजी पेपर तालुक्याला गेल्यावरच मिळायचा.

सोलापूरकर

+१. शिवाय सगळी मुलं फक्त क्लॅट देत नाहीत. सीयूईटीच्या, म्हणजे केंद्रीय विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षेच्या, इंग्रजीत समानार्थी-विरुद्धार्थी शब्द अभ्यासक्रमातच आहेत, बरोबरला पाच गुण, चुकीला एक वजा. तिथे यादीचा सरळ फायदा होतो. बाईंचा मुद्दा एका परीक्षेपुरता ठीक आहे.

न्यू जर्सीची मावशी

मी बाईंच्या बाजूने. इथल्या एसएटीचं, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज प्रवेशाच्या परीक्षेचं, उदाहरण देते, माझ्या दोन्ही मुलांनी ती दिली. एके काळी या परीक्षेच्या नावाने शब्दांच्या जाडजूड याद्या विकल्या जात. २००५ मध्ये शब्दांच्या जोड्या जुळवण्याचे प्रश्न गेले, २०१६ मध्ये गाळलेल्या जागांचे सुटे प्रश्न गेले. मोठ्याने तरीही चुलतभावाची जुनी यादी वर्षभर पाठ केली, आणि परीक्षेत त्यातलं फार थोडं कामी आलं. आता परीक्षा संगणकावर असते. उतारे २५ ते १५० शब्दांचे, प्रत्येकावर एकच प्रश्न. शब्द आजही विचारतात, पण या वाक्यात या शब्दाचा नेमका अर्थ कोणता, अशा रीतीने. धाकटीने यादी हातातही घेतली नाही. वाचनालयातून विज्ञानाची मासिकं आणायची आणि वाचत बसायची.

लॉचं तिसरं वर्ष

मावशी, तुमच्या धाकटीची शाळा बालवाडीपासून इंग्रजीत. तिच्याजवळ हजारो शब्द आधीच होते. माझं म्हणणं तेच तर आहे.

निवृत्त संस्कृत शिक्षक

दोघांनीही एक वाट सोडून दिली आहे. 'हृ' धातूला उपसर्ग लागून आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार होतात, हे आपण शाळेत शिकवतो. इंग्रजीतही तसंच चालतं. लॅटिनमधल्या 'डुसेरे', म्हणजे नेणे, या धातूपासून 'इंड्यूस', 'डिड्यूस', 'रिड्यूस', 'प्रोड्यूस'. मुलं कॉलेजच्या ऑफिसातून 'बोनाफाईड' आणतात, पण त्याचा अर्थ 'सद्भावनेने' असा होतो हे त्यांना कुणी सांगत नाही. ते एकदा कळलं की कोर्टाच्या बातमीतलं 'मालाफाईड', म्हणजे वाईट हेतूने, आपोआप उलगडतं, त्यामागून 'मॅलिस', म्हणजे दुष्टावा, येतं. आठशे सुटे शब्द पाठ करण्यापेक्षा साठ-सत्तर धातू आणि उपसर्ग शिकवा. मराठी माध्यमाच्या मुलाला शब्द फोडायची सवय असते, ती इथे कामाला येईल. धातू दरवेळी बरोबर अर्थ देईलच असं नाही, ही सूचना मात्र पहिल्या तासालाच द्यावी.

नाशिकचा वकील

याद्या की वाचन हा वाद दुय्यम आहे. सीयूईटी मराठीतून देता येते. वकिलीसाठीची ऑल इंडिया बार परीक्षासुद्धा मराठीतून देता येते. मग क्लॅटमध्ये कायदा शिकायला येणाऱ्या मुलाची पारख फक्त इंग्रजीतूनच का? तालुका कोर्टात आम्ही रोज मराठीत युक्तिवाद करतो. यावर बोला.

बार्शीच्या इंग्रजीच्या बाई

वकीलसाहेब, तुमचा प्रश्न रास्त आहे, पण माझ्या मुलींचा पेपर डिसेंबरात आहे आणि तो इंग्रजीतच असणार.

तिसऱ्या वर्षाच्या मुला, तुझं पोस्ट दोनदा वाचलं. पंधरा दिवसांत पेपर बंद करणारी तुझ्यासारखी मुलं माझ्या वर्गातूनही गेली असतील, आणि मी त्यांना आळशी समजले असेन. याचं मला वाईट वाटतं. चिठ्ठ्यांची पद्धत उद्यापासून सुरू करते. पण एका बाबतीत मी हटणार नाही: चिठ्ठीच्या मागे मराठी अर्थ एकटा नको, मुलीने स्वतः वाचलेलं वाक्य हवं, आणि त्याच शब्दाचं दुसऱ्या अर्थाचं वाक्य सापडलं की तेही त्याच चिठ्ठीवर चढलं पाहिजे. वहीतल्या आठशे शब्दांपैकी तुझ्या त्या ५७० शब्दकुळांत किती बसतात ते आम्ही शनिवारी मोजणार आहोत. आणि सर, उपसर्गांचा तास तुम्ही घ्याल का? बार्शीला येणं जमत नसेल तर फोनवरून घेऊ.

लॉचं तिसरं वर्ष

चालेल बाई. माझ्या चिठ्ठ्या अजून घरी डब्यात आहेत. दिवाळीला गेलो की पाठवतो, मुलींना उपयोगी पडतील. आणि पहिले दोन महिने अग्रलेख देऊ नका, साध्या बातम्या द्या. त्यात शब्द कमी अडतात.