टायमिंग बेल्ट तुटला, बिल हजारोंचं: इंदूरकरांनो, तुमचे अनुभव लिहा

श्रावण तोंडावर आलाय. ओंकारेश्वरच्या फेऱ्या सुरू होतील, भेरू घाटात गाड्यांची रांग लागेल आणि त्यातल्या काही बॉनेट उघडून कडेला उभ्या असतील. आमचीही अशीच उभी राहिली होती. सिमरोल मागे टाकलं आणि चालत्या गाडीत इंजिन एकदम गप्प झालं. धूर नाही, खडखडाट नाही. किल्ली फिरवली तर स्टार्टर नेहमीपेक्षा हलका, भिरभिर फिरायचा, पण इंजिन पकडेना. टोचन करून गाडी इंदूरला आणली. टायमिंग बेल्ट तुटला होता. हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, खोललं तर आठही व्हॉल्व (हवा आत-बाहेर सोडणाऱ्या झडपा) वाकलेले. बिल ५८ हजार.

ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: हा दातेरी रबरी पट्टा क्रँकशाफ्ट (पिस्टनच्या जोरावर फिरणारा दांडा) आणि कॅमशाफ्टला (व्हॉल्व उघडणारा दांडा) जोडतो. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक, हा मेळ तोच राखतो. तुटला की कॅम जागच्या जागी थांबतो, उघडे असलेले व्हॉल्व उघडेच राहतात आणि वर येणारा पिस्टन त्यांच्यावर आपटतो. काही पेट्रोल इंजिनांत दोघांमध्ये पुरेशी जागा असते, तिथे नवा बेल्ट घातला की काम भागतं. डिझेलमध्ये ती आशा धरू नका.

माझं म्हणणं एकच आहे. आपण बेल्टचा हिशोब किलोमीटरवर करतो, पण रबर वयानंही मरतं. गाडीच्या पुस्तिकेत बहुतेक वेळा किलोमीटर आणि वर्षं दोन्ही दिलेली असतात, जे आधी भरेल ते धरायचं. गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीचे किलोमीटर कधी भरतच नाहीत, आणि नेमका तिथेच घात होतो. म्हणून हा धागा. कोणता बेल्ट, किती खर्च, पैसे कुठे गेले आणि कुठे वाचले, सगळं लिहा. गॅरेजची नावं मात्र नकोत.

रामबागकर

आमचा टायमिंग नव्हे, बाहेरचा बेल्ट तुटला. देवास नाक्याजवळ आधी बॅटरीचा लाल दिवा लागला, मग स्टिअरिंग इतकं जड झालं की दोन्ही हातांनी ओढावं लागलं. तापमानाचा काटा वर सरकताना दिसला तशी गाडी बाजूला घेऊन बंद केली. आमच्या गाडीत बॅटरी भरणारा अल्टरनेटर, स्टिअरिंगचा पंप आणि वॉटर पंप तिन्ही त्याच एका बेल्टवर चालतात. तसंच पुढे दामटलं असतं तर हेड गॅस्केट गेलं असतं. बेल्ट आणि मजुरी मिळून १,४०० रुपये लागले.

मिस्त्रीनं एक गोष्ट केली ती सांगण्यासारखी आहे. नवा बेल्ट चढवण्याआधी क्रँक पुलीच्या मागे टॉर्च मारून त्यानं अडकलेले दोरे पक्कडीनं एकेक करून ओढून काढले. म्हणाला, "भिया, ये धागा अंदर घुसा तो टायमिंग वाला भी ले जाएगा." फाटलेल्या बेल्टचे तुकडे कव्हरच्या आत शिरले तर टायमिंगचा दात सरकतो. तेव्हा बाहेरचा बेल्ट तुटला तर हे बघायला सांगाच.

सुदामानगरची ताई

जुनी गाडी घेतली तेव्हा विकणाऱ्यानं "बेल्ट बदललाय" म्हणून बिल दाखवलं होतं. बिलावर नुसतं "बेल्ट". आमच्या मिस्त्रीदादांनी रक्कम बघूनच ओळखलं की हा बाहेरचा असणार. कव्हर उघडलं तर आतल्या बेल्टच्या पाठीवर बारीक भेगा आणि एका कडेचे दोरे सुटलेले. तुटायच्या आत सापडला एवढंच नशीब. त्या माणसाचा मला आजही राग येतो. घरातली लहान मुलं घेऊन आम्ही त्या गाडीनं मांडूला जाऊन आलो होतो.

खर्च झाला ९,४००. नुसता बेल्ट बराच स्वस्त होता, पण आम्ही बेल्ट ताणून आणि वळवून धरणाऱ्या पुल्या, म्हणजे टेन्शनर आणि आयडलर, आणि वॉटर पंपही बदलून घेतले. आमच्या गाडीत पंप टायमिंग बेल्टवरच चालतो आणि तिथपर्यंत पोचायची मजुरी एकदाच द्यावी लागते. पंपाचं बेअरिंग पुढे जाम झालं असतं तर नवा बेल्टही त्याच्याबरोबर गेला असता.

पलासियाचा काका

आमचं भांडण बिलावरून झालं. तोंडी अंदाज ४२ हजारांचा, बिल आलं ९६ हजारांचं. मी जुने भाग मागितले. आधी "भंगारात गेले" म्हणाले, हट्ट धरला तेव्हा पिशवी आली. बिलात सोळा व्हॉल्व लावलेले, पिशवीत वाकलेले सहा आणि बाकीचे गायब. मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि गॅरेजला लेखी कळवलं की पुढचा मुक्काम जिल्हा ग्राहक आयोग. तिथे ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही आणि घटनेपासून २ वर्षांत तक्रार करता येते. बिल ६१ हजारांवर आलं.

हेड खोलायच्या आधी लेखी अंदाजपत्रक घ्या आणि त्यावर "विचारल्याशिवाय जास्तीचं काम नको" असं लिहून सही घ्या. आणखी एक, सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवर जीएसटी सरसकट १८ टक्के आहे. माझ्या बिलात २८ लावलेला होता.

लोकमान्यनगर

विम्यातून मिळेल या भरवशावर राहू नका. यांत्रिक बिघाड साध्या मोटार पॉलिसीत येत नाही. इंजिन संरक्षणाचं जोडकलमही मुख्यतः पाणी शिरण्यासाठी आणि तेलगळतीसाठी असतं. मला फक्त टोचनचे पैसे मिळाले.

महूवाला मिस्त्री

माझं स्वतःचं गॅरेज आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. चालती गाडी बंद पडली आणि स्टार्टर हलका फिरतोय असं वाटलं तर पुन्हा किल्ली मारू नका. धक्का स्टार्ट तर अजिबात नको. पहिल्या झटक्यात दोन व्हॉल्व वाकले असतील तर उरलेले तुम्ही वाकवाल.

हेड लगेच खोलू देऊ नका. टायमिंग जुळवून बेल्ट घालायचा, इंजिन हातानं दोन पूर्ण फेरे फिरवायचं, कुठे अडत नसेल तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरातला दाब, तपासायचं. सगळ्या सिलिंडरांत नीट आलं तर हेडचा खर्च वाचला. आणि बेल्टवर ऑइल दिसलं तर आधी ऑइल अडवणारं सील बदला, नाहीतर नवा बेल्टही ऑइलनं फुगून जाईल.

कोणत्या गाडीत काय, हे नेहमी विचारतात. आल्टो ८००, जुनी सँट्रो, डस्टर डिझेल, इंडिका डिझेल यांत बेल्ट. स्विफ्ट डिझेल आणि के-सिरीज इंजिनाच्या वॅगनआरमध्ये बेल्टऐवजी चेन. चेनवाल्यांनी खुशीत राहू नये, ऑइल वेळेवर बदललं नाही तर चेन ढिली होते आणि सकाळी पहिल्या स्टार्टला खडखडते. तो आवाज आला की दाखवून घ्या.

छावणीतून

माझी छोटी पेट्रोल गाडी जुनी आहे, विकली तर लाखभर येतील. हेडच्या कामाचे ३८ हजार सांगताहेत. एक जण नवलख्याहून जुनं इंजिन ३० हजारांत बसवून देतो म्हणतोय. काय करू?

महूवाला मिस्त्री

पिस्टनला खोल मार नसेल आणि खालचं इंजिन ऑइल खात नसेल तर हेडच करा. जुनं इंजिन कुठल्या गाडीतून निघालं, किती चाललंय, कुणी सांगत नाही. वर इंजिन नंबर बदलला की आरटीओत आरसीवर नोंद करावी लागते. इंजिनाचं बिल नसेल तर ती नोंद होत नाही, आणि नोंद नसली तर विकताना आणि विम्याच्या दाव्यात दोन्हीकडे अडकाल. त्याच्याकडे बिल माग, तिथेच कळेल.

छावणीतून

मागितलं. बिल नाही म्हणाला. हेडचं काम द्यायचं ठरवलंय, लेखी अंदाज घेऊन. बेल्टच्या किटमध्ये वॉटर पंप धरलाय का, तेवढं उद्या विचारतो.