सिकलसेलच्या मुलाचे ‘बरे आहे’ कोणाच्या तोंडून ऐकावे?

अंबाझरीकर (धागाकर्ता)

सिकलसेल म्हणजे तांबड्या रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होणारा आनुवंशिक रक्तविकार. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोलहून सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचे लक्ष्य ठेवले गेले, आणि विदर्भाला त्याची किती गरज आहे हे नागपूरकरांना सांगायला नको. माझा प्रश्न तपासणीनंतरचा आहे. ज्या मुलाचे ‘एसएस’ (आई-वडील दोघांकडून सिकलचे जनुक आलेले, म्हणजे प्रत्यक्ष आजार असलेले) निदान झाले, ते कसे जगते हे कोण मोजते? मी पाहिलेल्या कार्डांवर हिमोग्लोबिन, वजन, औषधाची मात्रा आणि कितीदा भरती केले एवढेच असते. झोप लागते का, शाळा किती बुडते, सोबती खेळायला घेतात का, यासाठी रकानाच नाही. मुलांच्या जगण्याचा दर्जा मोजणाऱ्या ‘पेड्सक्यूएल’ या प्रश्नावलीत शरीर, भावना, सोबती आणि शाळा यांविषयी मागील महिन्याचे २३ प्रश्न असतात आणि उत्तरांवरून ० ते १०० गुण निघतात; गुण जास्त तितके जगणे बरे. पाच वर्षांपुढचे मूल स्वतः उत्तर देते, पालकांची प्रत वेगळी असते. दोन्ही प्रती ताडून पाहणाऱ्या अभ्यासांत साधारणपणे असे आढळते की चालण्या-धावण्यासारख्या दिसणाऱ्या बाबींवर दोघांचे बऱ्यापैकी जुळते, भीती आणि उदासी यांवर तितके जुळत नाही. म्हणून माझे मत असे की प्रश्नावली मुलाकडूनच भरून घ्यावी आणि मतभेद असेल तेथे मुलाचा शब्द प्रमाण मानावा.

बालरोग निवासी

हेतू चांगला आहे, पण ओपीडीची रांग पाहिली असती तर आपण हे इतक्या सहज लिहिले नसते. समजा एखाद्या मुलाचे गुण ६२ आले, तर मी औषधाच्या चिठ्ठीवर काय लिहू? हायड्रॉक्सीयुरियाची गोळी नियमित घेतली की क्रायसिस (अचानक उठणाऱ्या तीव्र वेदनांचे झटके) कमी होतात, क्रायसिस कमी झाले की शाळा बुडत नाही आणि झोपही सुधारते. जगण्याचा दर्जा वाढवण्याचा खात्रीचा मार्ग हाच आहे. माझी मिनिटे गोळ्या खरोखर पोटात जातात की नाही हे विचारण्यात गेलेली बरी. शिवाय लहान मुलाला ‘मागील महिना’ म्हणजे काय हे कळत नाही. पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठी तीनच पर्याय आणि चेहऱ्यांची चित्रे असलेली प्रत आहे हे मला ठाऊक आहे, पण ती कोणीतरी वाचून दाखवावी लागते. तो ‘कोणीतरी’ आणायचा कुठून?

एका एसएस मुलाची आई

मुलाचा शब्द प्रमाण मानावा, हे मला मान्य नाही. माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. मांडीचे हाड दुखायला लागले की तो रात्री उशीचा कोपरा दातांत धरतो, कारण आवाज ऐकून आजी उठेल आणि सकाळी दवाखान्यात न्यावे लागेल हे त्याला माहीत आहे. सकाळी डॉक्टरांनी विचारले की तो शांतपणे सांगतो, ‘काही नाही दुखत.’ त्याला सलाईनची धास्ती आहे. अशा मुलाने भरलेल्या कागदावर गुण ९० येतील आणि आपण सगळे समाधानाने घरी जाऊ. रात्र मी पाहिलेली असते, तेव्हा माझे उत्तर ‘दुय्यम’ कसे ठरते?

शाळेतील बाई, उत्तर नागपूर

निवासी डॉक्टरांच्या ६२ गुणांना एक उत्तर देते. सिकलसेलमध्ये मूत्रपिंडाची लघवी घट्ट करण्याची क्षमता कमी होते, त्यामुळे या मुलांना वारंवार लघवीला जावे लागते. आणि पाणी कमी पडले की क्रायसिसची शक्यता वाढते. आता वर्गात पाहा. सहावीतली एक मुलगी डब्याच्या सुट्टीपर्यंत बाटलीचे झाकणही उघडत नसे. तासाला दोनदा परवानगी मागितली की मागच्या बाकावरून हसू येई, आणि स्वच्छतागृहाची कडीही धड लागत नसे. घरी आईला बाटली भरलेली परत येते एवढेच दिसे. तिला वाटे, मुलीला पाणी आवडत नाही. खरे कारण त्या मुलीशिवाय कोणालाच माहीत नव्हते. विदर्भातल्या शाळा जूनअखेरीस उघडतात तेव्हाही उकाडा सरलेला नसतो, हे वेगळे सांगायला नको. मुलीला शाळेबद्दल नीट विचारले असते, तर चिठ्ठीवर एक ओळ सहज लिहिता आली असती: वर्गात पाणी पिण्याची आणि न विचारता बाहेर जाण्याची मुभा द्यावी.

बालरोग निवासी

तशी चिठ्ठी मी आजही लिहीन. पण त्यासाठी २३ प्रश्न आणि गुणांची बेरीज कशाला? ‘शाळेत पाणी पितेस का?’ एवढे विचारले की झाले.

अंबाझरीकर

पाण्याचे आज कळले म्हणून तो प्रश्न आपल्याला सुचतो आहे. डोळे पिवळे दिसतात म्हणून चिडवले जाणारे मूल, खेळाच्या तासाला कायम कठड्यावर बसवले जाणारे मूल, यांचे प्रश्न कोण सुचवणार? ठरलेली यादी हवी ती यासाठीच. वाचून दाखवण्याचे काम डॉक्टरांनीच करावे असा माझा आग्रह नाही. समुपदेशक ते करू शकतो, रांगेत बसल्या बसल्या. ताईंच्या मुलाविषयी म्हणाल, तर तो खोटे का सांगतो हेही त्यालाच, सलाईनच्या खोलीपासून लांब बसवून, विचारावे लागेल.

एका एसएस मुलाची आई

विचारा की. पण माझी प्रतही त्याच दिवशी भरून घ्या आणि दोन्ही कागद एकाच कार्डाला लावा. त्याचे ९० आणि माझे ४० आले, तर डॉक्टरांनी बेरीज-वजाबाकी न करता त्या रात्रीबद्दल आम्हा दोघांना समोर बसवून विचारावे.